शेजार सांभाळून ॲम्प घ्यावा कसा

ही मार्गदर्शिका इलेक्ट्रिक गिटार नुकतीच घेतलेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि सोसायटीत अजून कुणाशी भांडण न झालेल्या मंडळींसाठी आहे. बंगल्यात राहणाऱ्यांनी ती वाचण्याची गरज नाही. त्यांनी हवा तो ॲम्प घ्यावा आणि आम्हाला वाजवायला बोलवावं.

साहित्य: इलेक्ट्रिक गिटार एक. खोली एक, शक्यतो दार लागणारी. भिंत एक, पलीकडे माणूस असलेली. केबल दोन (एक चालणारी, दुसरी घरात सापडणारी). जुनी गोधडी एक. तिचं काम पुढे येईल. ॲम्प अजून यायचा आहे. भिंतीपलीकडे निवृत्त हेडमास्तर राहतात असं आपण धरून चालू. तुमच्याकडे दुसरं कुणी राहत असेल तर प्रमाण आपापल्या अंदाजाने बदलावं.

पायरी १. काय हवं ते ठरवा

तुम्हाला क्लीन टोन हवा आहे. म्हणजे तार जशी छेडली तशीच ऐकू यावी, फक्त मोठी. चरचर नको, गुरगुर नको. ॲम्पच्या आवाक्याबाहेरचा सिग्नल आला की तो लहरींचे शेंडे छाटतो. त्या छाटणीतून जो आवाज निघतो त्याला डिस्टॉर्शन म्हणतात, आणि त्यावर रॉक संगीताचा बराचसा संसार चालतो.

क्लीन सोपं आणि डिस्टॉर्शन वरच्या इयत्तेतलं, असा नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात उलट आहे. डिस्टॉर्शनमध्ये हलका सूर आणि जोरकस सूर जवळजवळ एकाच पातळीवर येतात, आणि त्या गदारोळात डळमळीत बोटं, उशिरा पडलेला ठोका, सगळं खपून जातं. क्लीनमध्ये काहीही खपत नाही. एफ कॉर्डला पहिलं बोट आडवं नीट बसलं नाही तर ते तुम्हाला कळतं, आईला कळतं आणि ज्यांनी एफ कॉर्डचं नावही ऐकलेलं नाही त्या हेडमास्तरांनाही कळतं. ही अट मान्य असेल तर पुढे वाचा. नसेल तर डिस्टॉर्शनचं पेडल घ्या, सुखाने राहाल.

पायरी २. वॉट विसरा

गिटार घेतली म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार, “ॲम्प किती वॉटचा?” हा प्रश्न विचारणाऱ्याचा एखादा बँड असतो किंवा होता. तो सांगेल की क्लीन टोनला हेडरूम लागते, म्हणजे शेंडे छाटले जाण्याआधीची मोकळी जागा, आणि हेडरूमला वॉट लागतात. तो खोटं बोलत नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब जुन्या रूपात ८५ वॉटचा. रोलँडचा जॅझ कोरस, १९७५ सालचा, १२० वॉटचा. क्लीन टोनचं नाव निघालं की हे दोघे आधी आठवतात, आणि दोघांनाही उचलायला माणसं लागतात. पण ती हेडरूम ड्रमवाल्याच्या बाजूला उभं राहून ऐकू यावं म्हणून आहे. तुमच्या बाजूला ड्रमवाला नाही, हेडमास्तर आहेत.

तेव्हा हिशोब त्यांच्या बाजूने करू. गिटारच्या चांगल्या बारा इंची स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटर अंतरावर साधारण १०० डेसिबल आवाज मिळतो. एक वॉट, फक्त. तिथून दर १० डेसिबल खाली उतरताना वीज दहापट कमी लागते: ९० ला वॉटचा दहावा भाग, ८० ला शंभरावा, ७० ला हजारावा. खोलीत बसून निवांत वाजवायला ७० पुरेसे होतात. नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास असतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, आणि त्यांची रात्र १० ते ६ अशी असते. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची, तुमच्या खोलीतल्या नव्हे, आणि मधली भिंतही काही गिळतेच. तरीपण हिशोब कुठे चालला आहे ते बघा. त्या स्पीकरमधून ५५ डेसिबल काढायला वॉटचा सुमारे तीस हजारावा भाग पुरतो.

वरच्या टोकालाही वॉट फसवतातच. ५० च्या जागी १०० वॉटचा ॲम्प घेतला तर मिळतात ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे १० आणि १०० वॉटच्या ॲम्पमध्ये किमतीचा आणि पाठदुखीचा जो फरक आहे, तो कानाला साधारण दुपटीचा. तेव्हा दुकानदाराने विचारलं की सरळ सांगा, “वॉटच्या हजाराव्या भागाचा दाखवा, चांगल्यातला.” तो तुम्हाला आत चहाला बोलवेल किंवा बाहेर काढेल, दोन्ही प्रकारे वेळ वाचेल.

पायरी ३. आपली पट्टी ओळखा

ही पायरी लांबणार आहे, कारण खरा विषय हाच आहे.

इलेक्ट्रिक गिटार केबल न लावताही वाजते. बारीक, टिंगटिंग, पण वाजते. ॲम्पचा आवाज फार कमी ठेवला तर ही तारेची टिंगटिंग आणि प्लेक्ट्रमची टकटक ॲम्पच्या बरोबरीने ऐकू येऊ लागतात, आणि मग ॲम्प कोणताही असो, तुम्ही चमच्याने वाजवताय असं वाटतं. ही झाली खालची हद्द. वरची हद्द हेडमास्तर. या दोहोंच्या मध्ये आवाजाची जी चिंचोळी पट्टी उरते तेवढीच तुमची जहागीर. ॲम्पच्या जाहिराती या पट्टीच्या वर काय घडतं ते सांगतात. तुम्ही तिथे कधी जाणार नाही. पट्टीत काय घडतं, ते मात्र स्वतःच ऐकावं लागतं.

पट्टीत पहिली कुरापत तुमचा कानच काढतो. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की माणसाला खर्जाचे आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. दुकानात गोल, भरदार वाटलेला ॲम्प घरी आणून हळू केला की टेलिफोनमधून बोलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. ॲम्प बदलून मागू नका. बास थोडा वाढवा, ट्रेबल किंचित. घरचे सगळे लग्नाला कोल्हापूरला गेले आणि तुम्ही आवाज मोठा केलात की आठवणीने बास परत खाली आणा, नाहीतर खिडकीची काच तुमच्या गाण्याला साथ देईल.

त्यातच आणखी एक गैरसमज उरकून टाकू. बास, मिडल, ट्रेबल हे तिन्ही नॉब मध्यावर ठेवले म्हणजे आवाज सपाट, असं नवशिक्या धरून चालतो. फेंडरच्या घराण्यातल्या ॲम्पमध्ये तिन्ही मध्यावर असताना मधले सूर खाली दबलेले असतात. सपाटीच्या जवळ जायचं तर मिडल वर आणि बाकीचे दोन बरेच खाली न्यावे लागतात. तेव्हा नॉबवरच्या आकड्यांकडे न बघता डोळे मिटून फिरवावेत. संगीताचा काही भाग डोळे मिटून करायचा असतो, तो हाच.

दुसरी कुरापत व्हॉल्यूमचा नॉब काढतो. कानाला आवाज सावकाश वाढल्यासारखा वाटावा म्हणून चांगल्या ॲम्पमध्ये असा नॉब घालतात की अर्ध्यापर्यंत फिरवला तरी तो जेमतेम दहावा भागच पुढे सोडतो. काटकसर केलेल्या ॲम्पमध्ये हे गणित बिघडतं. शून्यावर शांतता, शून्याच्या पुढे केसभर शांतता, आणि आणखी केसभर सरकवला की सगळ्या मजल्याला कळतं. तुमची सगळी पट्टी त्या दोन केसांच्या मधे अडकलेली असते. असा ॲम्प इतर बाबतीत कितीही गुणी असो, परत ठेवा. जो नॉब पहिल्या चतुर्थांशात मुंगीच्या पावलाने चढतो, तो घ्या. या एका परीक्षेत जेवढे ॲम्प नापास होतात तेवढे बाकीच्या सगळ्या परीक्षांत मिळून होत नाहीत, असं आमचं मत आहे. हे मत कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही, कारण नॉब किती हळू चढतो हे पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापता येत नाही.

तिसरी कुरापत म्हणजे सूं. काही ॲम्प चालू केले की गिटारला हात लावायच्या आधीच एक अखंड सूं सुरू होतं, आणि व्हॉल्यूम उतरवला तरी ते जागचं हलत नाही. मोठ्या आवाजात ते झाकलं जातं. पट्टीत नाही. एक कॉर्ड वाजवा, हात काढा आणि विरत जाणारा सूर ऐका. सूर सूं च्या आधी संपला तर तुम्ही गिटारचा नव्हे, सूं चा ॲम्प विकत घेताय.

पट्टीची खालची हद्द मात्र थोडी आणखी खाली ढकलता येते. वेस माँटगोमेरी हा इंडियानापोलिसचा जॅझ गिटारवादक. दिवसा नोकरी करायचा आणि रात्री घरी सराव. आजूबाजूच्यांना त्रास नको म्हणून त्याने प्लेक्ट्रम टाकला आणि अंगठ्याने वाजवायला लागला, असं सांगतात. त्या अंगठ्याचा मऊ, भरीव सूर पुढे जॅझ गिटारची एक ओळखच झाला. १९६० च्या त्याच्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ या रेकॉर्डवर तो ऐकता येतो. अंगठ्याने टकटक जाते आणि सूर उरतो. तेव्हा प्लेक्ट्रमचं पाकीट घेण्याआधी फुकट मिळालेला अंगठा वापरून पाहावा. शेजाऱ्यांच्या धाकाने कलेचं एवढं भलं क्वचितच झालं असेल.

पायरी ४. दुकानात

मुंबईच्या धोबी तलावावरच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या पेढीची सुरुवात १८६५ सालची. तेव्हा गिटारचे ॲम्प नव्हते, शेजारी मात्र होते. दुकान कोणतंही असो, तिथे एक मुलगा आधीच बसलेला असतो आणि तो फार जलद वाजवत असतो. त्याच्याकडे बघू नका. तुम्हाला स्पर्धेत उतरायचं नाही. एक ई मायनर येत असेल तर परीक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण आहे.

आपली गिटार सोबत न्या. हे महत्त्वाचं, कारण हंबकर (दोन गुंडाळ्यांच्या) पिकअपचा सिग्नल एका गुंडाळीच्या सिंगल कॉइलपेक्षा सहसा दांडगा असतो आणि तो ॲम्पच्या तोंडाशीच गर्दी करतो. दुकानातल्या गिटारवर स्वच्छ वाजलेला ॲम्प तुमच्या गिटारवर फरफरू शकतो. मग सगळे नॉब शून्यावर आणा. विक्रेता मदतीला धावेल आणि गेन (ॲम्पच्या तोंडाशी सिग्नल फुगवणारा नॉब) वाढवून दाखवेल, कारण गेन वाढवला की प्रत्येक ॲम्प रुबाबदार वाटतो. त्याला नम्रपणे थांबवा. गेन खाली, मास्टरने (शेवटच्या व्हॉल्यूमने) आवाज. क्लीनचा क्रम हाच. एकच नॉब असेल तर गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवून पाहा. फरफर जाईल, पण बऱ्याच गिटारींवर वरच्या सुरांची चमकही त्याबरोबर जाते. मग ट्रेबल एक घर वर.

आता आकार. मेजावर ठेवायच्या छोट्या ॲम्पमध्ये तीन इंचांचे स्पीकर असतात. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास. तीन इंचांच्या स्पीकरला तो नीट पेलत नाही. तरी तुम्हाला तो सूर ओळखता येतो, कारण स्पीकर त्याचे वरचे अंश देतो आणि गाळलेली जागा मेंदू भरून घेतो. हे मेंदूचं सौजन्य आहे, कंपनीचं नाही. सूर कळतो; पोटात जाणवत नाही. आमच्या मते आठ ते दहा इंचांचा स्पीकर पट्टीसाठी सगळ्यात समजूतदार. बारा इंची असेल तरी चालतो, फक्त तो कोपरा कायमचा गेला असं समजा.

नावंच हवी असतील तर थोडी सांगतो. रोलँडचा मायक्रो क्यूब पाच इंची, दोन-तीन वॉटचा, पेन्सिल सेलवरही चालणारा, आणि आत त्या मोठ्या जॅझ कोरसची नक्कल भरलेला. वीज गेली की घरात चालू राहणारी तेवढीच एक गोष्ट. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर ही मालिका काढली ती सरळ घरासाठीच, मेजावर ठेवून हळू वाजवायला, आणि हळू आवाजातला भरदारपणा तिला खरंच साधला आहे. बॉसच्या कटाना ५० ला पन्नास वॉटवरून अर्ध्या वॉटवर उतरायची सोय आहे. अर्धा वॉट म्हणजे काय हे पायरी २ नंतर तुम्हाला सांगायला नको. पण नॉबला फिरायला जागा मिळते, हा खरा फायदा. आणि लहान ॲम्प म्हणजे खेळणं असं कुणी म्हणालं तर त्याला फेंडरच्या चॅम्पची गोष्ट सांगा. पाच वॉट, आठ इंचांचा एक स्पीकर, विद्यार्थ्यांसाठी काढलेला. १९७० च्या ‘लेला’ अल्बममध्ये एरिक क्लॅप्टनने तो वापरला.

पायरी ५. ट्यूब की ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टर.

(इथे वाद घालायला लोक येतील. त्यांना बसायला द्या. ट्यूबचा जो गोडवा सांगतात तो बराचसा तिला ताण दिल्यावर येतो, आणि तुमच्या पट्टीत कुणाला ताण द्यायची सोय नाही. शिवाय ट्यूब ॲम्प स्पीकर काढून चालू ठेवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत शेकडो व्होल्ट खेळतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ दबा धरून बसतात. मागचं झाकण उघडून बघायची ज्यांना सवय आहे त्यांनी ती रेडिओपुरती ठेवावी.)

पायरी ६. अमेरिकेतला मावसभाऊ

तो डिसेंबरात येतो आणि तिथे ॲम्प स्वस्त आहेत. सामानात आणायला सांगण्याआधी मागच्या पट्टीवरचा आकडा त्याला वाचायला लावा. १२० व्होल्ट एवढंच लिहिलेलं असेल तर आपल्या २३० मध्ये तो ॲम्प एकदाच वाजेल, आणि तेव्हा जो आवाज येईल तो क्लीन नसेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो. त्याचं वजन आणि किंमत धरून मग स्वस्ताई मोजावी. सेलवर किंवा ॲडॉप्टरवर चालणारे लहान ॲम्प या संकटातून बहुधा सुटतात, ॲडॉप्टर १०० ते २४० चा असेल तर.

पायरी ७. मांडणी

जमिनीवर ठेवलेला ॲम्प तुमच्या घोट्यांना गाणं ऐकवतो. वरचे सूर सरळ रेषेत जातात, कानाकडे वळत नाहीत. ॲम्प खुर्चीवर ठेवा, थोडा मागे रेलून. तोंड कानाकडे असलं की कमी आवाजात भागतं, आणि हा फायदा फुकटचा आहे. खाली गोधडी, चौघडी घालून. हवेतून जाणारा आवाज भिंत अडवते, पण थरथर थेट स्लॅबमध्ये उतरली तर खालच्या मजल्यावर फक्त खर्ज पोहोचतो, चाल नाही. आणि बिनचालीचा खर्ज ऐकणारा माणूस हेडमास्तरांपेक्षा लवकर वर येतो.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर ट्यूबलाइट आणि दिव्याचा डिमर बंद करून पाहा. मग गिटार घेऊन सावकाश गोल फिरा. एका दिशेला घूं कमी होईल. सिंगल कॉइलवाल्याने कुठे तोंड करून बसायचं हे वास्तुशास्त्र नाही, पिकअप ठरवतो. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडून दोन पिनांत बसवणं हा घूं वरचा उपाय नाही. तारा हातात धरून बसणाऱ्याने तर अजिबात करू नये.

शेवटी रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा, चिमूटभर. अगदी कोरडा क्लीन टोन लहान खोलीत बोडका वाटतो.

शंकासमाधान

शंका: हेडफोन लावले तर ही सगळी पुस्तिका रद्द होते का?
समाधान: होते. म्हणूनच आधी सांगितलं नाही. फक्त हेडफोन ‘हेडफोन’ लिहिलेल्या भोकातच घाला, ‘स्पीकर’ लिहिलेल्यात नाही.

शंका: हे वाचण्याआधीच मी १०० वॉटचा घेऊन बसलोय.
समाधान: ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसणारा ॲटेन्युएटर मिळतो. तो जादा वॉटची उष्णता करून टाकतो. थंडीत उपयोगी.

शंका: हेडमास्तरांचा नातू ड्रम शिकायला लागला आहे.
समाधान: पायरी २ मधला ट्विन रिव्हर्ब घ्या.

शंका: वापरलेला ॲम्प घ्यावा का?
समाधान: जरूर. प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका. ती बहुधा धुळीची असते आणि साफ होते. केबलची पिन भोकात हलवून बघा. आवाज जात-येत असेल तर किंमत पाडा. जाहिरातीत ‘फक्त बेडरूममध्ये वापरलेला’ असं लिहिलेलं असेल. त्यावर बिनधास्त विश्वास ठेवा, शंभर वॉटचा असला तरी.